उन्हात उभ्या राहिलेल्या वाट्या

वारा फिरला तो नेमका ओंग्या देवाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी.

सकाळी रुईफन खाडीत उतरली तेव्हाच तिला शंका आली. थंडीच्या दिवसांत आऊचूच्या खाडीतला चिखल पायाला असा चावतो की घोटा बुडाला की दात वाजायला लागतात. आज चिखल कोमट होता. पाण्यावर धुकं नव्हतं, आणि दूरच्या बंधाऱ्यावरची लाल कापडं उलट्या दिशेला फडफडत होती. रुईफननं एक गुडघा फळीवर टेकला, दुसऱ्या पायानं चिखल मागं ढकलला आणि फळी घसरत घसरत आत गेली. ओहोटी लांबवर गेली होती. आजूबाजूला गावातल्या बायका आधीच वाकल्या होत्या, कुणी मान वर करत नव्हतं.

तोसून काढायला डोळा लागतो. चिखलावर बारीक चांदणीसारखी खूण दिसते, तिथं आखूड दांड्याची कुदळ मारायची, ढेकूळ उलटायचं आणि हात घालून ओढायचा. करंगळीएवढा, मातकट, गांडुळाचा चुलतभाऊ शोभेल असा किडा. दिसायला ओंगळ आहे हे आम्हीही नाकारत नाही. पण रूप बघून जेवणारा माणूस आमच्या गावात कधीच उपाशी मेला असता. हाच किडा धुऊन, शिजवून, वाटीत ओतून थंडीत ठेवला की आपल्याच चिकानं थिजतो आणि काचेसारखा होतो. वर लसूण, व्हिनेगर, मोहरी. आमच्याकडे देवसुद्धा त्यासाठी थांबतो.

रुईफनची टोपली अर्धी भरली तेव्हा तिची कंबर मोडून आली होती. तेवढ्यात बंधाऱ्यावर फटफटी थांबली. थियानपी काका. तिच्या नवऱ्याचा सख्खा चुलता. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवून तोंडातली सिगारेट काढली.

"काय गं डोंगरी, वारा बघितलास का?"

"बघितला, काका."

"दक्षिणेचा हाय. आज वाटी थिजायची न्हाई. तुमच्या डोंगरात असलं काय म्हाईत नसतंय, म्हणून सांगतो."

"वारा सगळ्यांच्याच अंगणात येतो, काका. एकट्या आमच्या नाही."

"सगळ्यांच्या दारात उद्या धूपदाणी यायची न्हाई. तुमच्या यायची हाय." तो हसला. "यायची असली तर."

फटफटी गेली. शेजारी वाकलेली सुआत वहिनी कुदळ न थांबवता म्हणाली, "त्याच्याकडं ध्यान दिऊ नगंस. त्याच्या बायकोची वाटी तर थंडीतबी पातळ असती."

रुईफन हसली, पण तिची कुदळ दोनदा रिकामीच पडली. काकाचं बोलणं खोटं असतं तर तिला काही वाटलं नसतं.

ओंग्या आमचा गावदेव. त्याची धूपदाणी वर्षभर एका घरात राहते आणि दर हिवाळ्यात पुढच्या घरी जाते. ज्या घरी ती जाणार त्या घरानं देवाचं जेवण करायचं, मग वर्षभर देवाचा धूर त्या घरात. घरं इतकी आहेत की माणसाच्या जन्मात धूपदाणी एकदाच दारात येते. कुणाकुणाच्या दारात तर एकदाही येत नाही. यंदा पाळी खिमबोच्या घराची होती. पण घरातला कर्ता पुरुष, खिमबोचा मुलगा बुनहाय, माकूळ धरणाऱ्या मोठ्या बोटीवर दूरच्या समुद्रात होता. घरात राहिल्या दोघी, म्हातारी खिमबो आणि तिची सून रुईफन. थियानपी काकानं लगेच देवळात जाऊन सांगितलं की घरात बाप्या न्हाई, तर पाळी माझ्याकडं द्या, मीबी त्याच घराण्यातला हाय. देवळाचे म्हातारे छेंगकी आजोबा त्याला म्हणाले होते, "धूपदाणीला मिशी लागत न्हाई थियानपी, चूल लागती." पण पुढं त्यांनी हेही जोडलं की जेवणात खोट निघाली तर धूपदाणी थियानपीच्या दारात जाईल.

रुईफनला धूपदाणी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. ती आतल्या डोंगराळ मुलखातून बुटांच्या कारखान्यात कामाला आली, बुनहायशी लग्न केलं, आणि तेव्हापासून या गावात ती डोंगरीच राहिली. तिची बोली अजून सरळसोट, शाळेत शिकल्यासारखी. पहिल्यांदा तोसून बघून ती अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकली होती, हे गाव अजून सांगतं. आता ती गावातल्या कुठल्याही बाईच्या बरोबरीनं चिखल उपसायची, आवडीनं खायची, पण ते कुणी सांगत नाही. शिवाय बुनहाय पाण्यावर. देवाचा धूर घरात असला तर तो त्याच्या बोटीपर्यंत पोचतो असं सगळे म्हणतात, आणि नवरा समुद्रात असलेली बाई असल्या गोष्टीला नाही म्हणत नाही.

घरी अंगणात खिमबो बुटक्या स्टुलावर बसून वाटच बघत होती. वाकलेली, चिवट, तोंडाची तिखट. तिच्या हातची वाटी उचलून धरली तर पलीकडचा दिवा दिसतो, असं आन्हायच्या बाजारापर्यंत म्हणायचे.

"एवढा उशीर? किडं काढत व्हतीस का त्यांची लग्नं लावत व्हतीस?"

"ओहोटी उशिरा होती, आई."

"टोपली दाव. हं. ह्यो बारीक कशाला आणलास, ह्याचा बाप आणायचा. रूळ काढ."

रुईफननं दगडी रूळ काढला. फरशीवर तोसून पसरले, वर रूळ फिरवला. प्रत्येक वेळी पोटातला काळा गाळ पिचकन् बाहेर आला. मग पाणी, पुन्हा रूळ, पुन्हा पाणी. तिची बोटं चिखलानं आधीच फाटली होती, मिठाचं पाणी भेगांत गेलं की ती ओठ दाबून घ्यायची. खिमबो काठीनं दाखवत राहिली: इथं, तिथं, हे काय, ही काय तुझ्या गावची बटाटी हायत व्हय. पाणी पार निवळ झालं तेव्हाच तिनं काठी खाली ठेवली.

शिजवण्याला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. मोठं पातेलं चुलीवर चढलं, फेस आला, तिनं तो झाऱ्यानं काढून टाकला. वास अंगणभर झाला. ओल्या वाळूचा, समुद्राचा, थोडा कोंबडीच्या रश्शासारखा. बऱ्याच वेळानं तिनं एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं दाबला, बोटं उघडली. तार आली. "चीक सुटला," ती म्हणाली. दोघींनी मिळून छोट्या मातीच्या वाट्या भरल्या आणि अंगणात फळ्यांवर मांडल्या.

देवाची वाटी उघड्या आभाळाखालीच थिजावी लागते. घरची खायची वाटी कुठंही ठेवा, पण देवाची नाही.

आणि मग बसून राहणं आलं.

दुपार झाली. वारा थांबेना. भिंतींना घाम फुटला होता, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं, फटाक्यांच्या माळा ओल्या होऊ नयेत म्हणून लोक त्या पोटाशी धरून फिरत होते. रुईफन दर थोड्या वेळानं जाऊन एक वाटी तिरकी करायची. आतलं पाणी इकडून तिकडं जायचं. ती परत चुलीशी यायची. तिथं कामाला तोटा नव्हता. आंबट मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस तळायचं होतं. कालवं रताळ्याच्या पिठात कालवून तव्यावर जाड थापायची होती. आलं घालून बदक शिजत होतं. पण हात तव्यावर आणि डोळा अंगणात, म्हणून एक थापा करपला. खिमबोनं तो बघितला आणि नवलाची गोष्ट म्हणजे काही बोलली नाही. तिचाही डोळा अंगणातच होता.

गल्लीतल्या बायका एकमेकींच्या अंगणात डोकावत होत्या.

"थिजली का गं?"

"कुठली! च्या झालाय नुसता."

"माझीबी तशीच. देव उद्या वाटी पिणार बघ."

त्यांना हसायला काय जातं, रुईफनला वाटलं. त्यांच्या वाट्या नुसत्या शोभेच्या, देवाच्या मुख्य ताटात मांडायच्या त्या हिच्या. ती खिमबोजवळ येऊन उभी राहिली.

"आई, बंदरावरून बर्फ आणू का? परातीत घालून वाट्या वर ठेवू. आभाळाखालीच राहतील."

"बर्फ मेल्या माशासाठी असतोय. देवाला मेलेला समजतीस का?"

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी? थांबायचं. माझ्या सासूनं थांबून काढलं, मीबी काढलं."

"आणि नाही थिजल्या तर?"

खिमबोनं काठी उचलली, पुन्हा ठेवली. तिचे हात स्वस्थ नव्हते, कधी पदर चाचपत होते, कधी गुडघा.

दिवेलागणीला रुईफन तांबड्या कासवांची परात घेऊन सुआत वहिनीकडे गेली. तांदळाच्या पिठाचे तांबडे गोळे लाकडी साच्यात दाबून केलेली ती कासवं, देवाच्या ताटात लागतातच, आणि एवढी वाफवायला मोठं भांडं सुआतकडेच होतं. निघताना तिनं पुन्हा एक वाटी तिरकी केली होती. पाणी.

ती गेली आणि खिमबो उठली. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, लपवून ठेवण्यात काही हशील नाही. म्हातारीनं माळ्यावरची डबी काढली. तीत वाळलेलं समुद्रशेवाळ होतं, ज्याची उन्हाळ्यात पोरांना गोड वडी करून देतात. शेवाळाची वडी कशीही थिजते. आग ओकणाऱ्या उन्हातही थिजते, आणि एकदा थिजली की हलत नाही. खिमबोनं ते वेगळ्या भांड्यात उकळलं, गाळलं. अंगणातल्या वाट्या एकेक करून पातेल्यात ओतल्या, वर हे घातलं, ढवळलं, आणि पुन्हा वाट्या भरल्या. फार घातलं नाही. जे घालतात ते सगळे फार नाही घातलं असंच म्हणतात.

सगळा जन्म ज्या बाईनं दुसऱ्यांच्या वाट्यांना नावं ठेवली, तिनं हे केलं. कशासाठी, तर तिच्या दारात धूपदाणी पहिल्यांदा आणि शेवटची येणार होती. मुलगा पाण्यावर होता. आणि थियानपीची बायको उद्या तोंडावर पदर धरून हसेल, ते तिला मरणाहून जड होतं. मला तिचा राग येतो आणि तिची दयाही येते, दोन्ही एकदमच.

रुईफन परतली तेव्हा डबी माळ्यावर गेली होती. "वारा जरा पडलाय," खिमबो म्हणाली. रुईफनला तसं वाटलं नाही, पण सासू पहिल्यांदाच दिलासा देत होती, तेव्हा तिनं मान हलवली.

पहाटे उठल्या उठल्या ती अंगणात धावली. वाटी तिरकी केली. हललं नाही. दुसरी केली. हललं नाही. रुईफननं तोंडावर हात धरला आणि लहान पोरीसारखी जागच्या जागी नाचली.

"आई! थिजल्या! सगळ्या थिजल्या!"

खिमबो चुलीकडे तोंड करून होती. "बदकात आलं कमी पडलंय," ती म्हणाली. "तुझं ध्यान कुठं असतंय काय म्हाईत."

देवळापुढच्या अंगणात लांबच लांब टेबलं मांडली होती. दर घरातून बायका खांद्यावर काठी घेऊन, दोन्ही टोकांना डुलणाऱ्या टोपल्या लावून येत होत्या. ढोल वाजत होता. ढग पांगले आणि ऊन पडलं, हिवाळ्यात पडू नये तसलं, मान भाजणारं. रुईफननं मधल्या टेबलावर ताट मांडलं: बदक, आंबट मांस, कालवांचे थापे, शेवया, तांबडी कासवं, आणि मध्ये वाट्या उपड्या करून काढलेल्या थिजलेल्या वड्या, आत तोसून गुंडाळून निजलेले. उदबत्त्या पेटल्या. आता उदबत्त्या जळून खाली येईपर्यंत देव जेवणार.

थोड्याच वेळात दोन्ही बाजूंच्या टेबलांवर गंमत सुरू झाली. ज्या घरांच्या वाट्या पहाटे कशाबशा धरल्या होत्या त्या उन्हानं सुटायला लागल्या. आधी कडा गेल्या, मग वड्या बसल्या, मग बशीत पाणी झालं. सुआत वहिनीनं तर आपल्या बशीतला रस सरळ तोंडाला लावला. "देवाचा उष्टा च्या!" ती म्हणाली, आणि बायका हसून वाकल्या. अशा वाऱ्यात दुसरं होणार काय, कुणाला त्याची लाज नव्हती.

मधल्या टेबलावरच्या वड्या मात्र उभ्या होत्या. ऊन त्यांच्या आरपार जात होतं.

"बघा गं, डोंगरीनं केलं ते!"

"खिमबोचा हात हाय त्यो."

"चिखल काढला कुणी पण? तिनंच नव्हं?"

रुईफनच्या कानापर्यंत ऊन चढलं. तिनं ताट उगाच एकदा सारखं केलं. या गावात कुणी तिच्याकडे बघून असं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तिला ते फार गोड लागलं.

खिमबोला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. ती ताटाजवळ यायची आणि वड्यांची बशी सावलीतून उन्हात सरकवायची. रुईफन ती पुन्हा सावलीत घ्यायची.

"उन्हात कशाला ठेवता? जातील ना त्या."

"देवाला नीट दिसू दे."

"सावलीत दिसत नाही का देवाला?"

खिमबोनं बशी पुन्हा ओढली. सगळ्यांच्या सुटल्या तशी आपलीही वाटी मोडावी म्हणून ती मनात ओंग्याच्या पाया पडत होती. एक तरी वडी बसावी, एक तरी कड सुटावी. वड्या नव्या नवरीसारख्या ताठ उभ्या होत्या.

थियानपी काका गर्दीतून आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो वाकला, एका वडीला बोटानं दाबलं. बोट उचललं तशी वडी टुणकन् वर आली. मग मात्र त्याला हसू आलं.

"छेंगकी आजोबा, जरा हिकडं या."

ढोल थांबला नव्हता, पण जवळचे लोक टेबलाभोवती सरकले. छेंगकी आजोबा काठी टेकत आले.

"सगळ्या गावाच्या वाट्या वितळल्या. ह्यांच्या उभ्या हायत. खऱ्या तोसूनची वाटी ह्या उन्हात उभी ऱ्हाती का, आजोबा? तुमी ऐंशी हिवाळं बघितलं. राहिली कधी?"

आजोबांनी चमच्यानं एक तुकडा काढला, दात नसलेल्या तोंडात फिरवला. बराच वेळ फिरवला. "शेवाळ हाय," ते म्हणाले.

रुईफनला ते खरं वाटेना. तिनं स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. खरी वाटी जिभेवर आपोआप विरते. ही दाताखाली कचकन् तुटली. पोरांची उन्हाळ्यातली वडी. तिला कालची संध्याकाळ आठवली, पडलेला वारा आठवला, आणि तिनं मान वळवून सासूकडे बघितलं.

खिमबो जमिनीकडे बघत होती.

"डोंगरी ती डोंगरीच," थियानपीची बायको मागून म्हणाली. "तिला काय ठावं देवाला काय चालतंय ते."

"शेवाळ घालून देवाला फसवायला निघालीया."

"म्हातारीला पत्ता न लागू देता केलं असंल."

मघाशी जी तोंडं गोड बोलत होती तीच ही तोंडं. रुईफनच्या घशाशी शब्द आला होता. एकच शब्द लागणार होता, आणि ती सुटली असती. पण ती सासूकडे बघत राहिली, कारण तो शब्द म्हातारीनं बोलायचा होता. सुनेनं बोलला असता तर गाव म्हणालं असतं की चोरी करून वर सासूवर ढकलते. खिमबोचे ओठ हलले. आवाज आला नाही. रुईफनला तेव्हा जो संताप आला तो तिला आयुष्यात पुन्हा आला नाही.

"उदबत्त्या उतरल्या," छेंगकी आजोबा म्हणाले. "ताट उचलायच्या आधी देवाला इचारायला लागतंय, जेवलास का म्हणून. जेवला आसंल तर प्रश्न मिटला. न्हाई जेवला, तर धूपदाणी थियानपीच्या घरी. तीनदा इचारायचं. कौल कोण लावणार?"

कुणी पुढं झालं नाही. रुईफनच गेली. कौलाच्या दोन लाकडी फाकी तिच्या हातात दिल्या, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. एक उताणी आणि एक पालथी पडली तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर देव नुसता हसला.

ती गुडघ्यावर बसली. कालच्या चिखलानं गुडघे सुजले होते, फरशीवर टेकवताना तिनं श्वास धरला.

"देवा, जेवलात का?"

फाकी पडल्या, खडखडल्या, थांबल्या. दोन्ही उताण्या.

"हसला!" कुणीतरी ओरडलं, आणि अंगणभर खसखस पिकली. "डोंगरीला हसला!"

रुईफननं फाकी गोळा केल्या. "देवा, पोट भरलं का?"

दोन्ही पालथ्या.

आता कुणी हसलं नाही. थियानपीनं धूपदाणीकडे बघून बाह्या सारख्या केल्या. रुईफन तिसऱ्यांदा फाकी उचलायला वाकली, आणि तेवढ्यात एक काठी फरशीवर आपटली.

"थांब."

खिमबो पुढं आली. तिला गुडघ्यावर बसायला वेळ लागला, कुणी हात द्यायलाही पुढं आलं नाही. ती सुनेच्या शेजारी बसली, पण तिच्याकडे बघितलं नाही. देवाकडं बघून, ढोलाच्याही वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली:

"ओंग्या, शेवाळ म्या घातलं. ती शेजारी गेली व्हती. तिला म्हाईत न्हाई. माझी वाटी थिजंना म्हणून म्या घातलं. माझा हात गेला, पण अब्रू जाऊ नये म्हणून घातलं. तुला जेवायचं न्हाई तर जेवू नगंस, पण त्या पोरीनं काढलेला तोसून खरा हाय. आता तू ठरव."

ढोलवाल्याचा हात थांबला. थियानपीच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, पण हसली नाही. सगळ्या गावाला जिनं वाटी शिकवली ती बाई मान खाली घालून फरशीवर बसली होती, आणि ते बघणं कुणालाच सुखाचं नव्हतं.

"टाक," खिमबो म्हणाली.

रुईफननं फाकी टाकल्या. एक थांबली, दुसरी गोल फिरत राहिली, फिरत राहिली आणि उलटली.

एक उताणी, एक पालथी.

"जेवला," छेंगकी आजोबा म्हणाले.

"आसं कसं?" थियानपी पुढं आला. "खोट निघाली का न्हाई? तुमीच म्हणाला व्हता."

"खोट निघाली. कुणाची ते देवानं कानानं ऐकलं, अन् मग जेवला. आता तू काय त्याच्या तोंडातला घास काढणार हायस?" आजोबांनी काठी उचलली. "वाजव रे ढोल."

धूपदाणी जड आणि तापलेली. आजोबांनी ती आधी खिमबोपुढं धरली, तीच मोठी म्हणून. खिमबोनं हात मागं घेतले. मग आजोबांनी ती रुईफनच्या हातात दिली. कापडाच्या घडीतूनही आच बोटांच्या भेगांत शिरली. फटाक्यांच्या माळा अर्ध्या ओल्या होत्या, त्या फुटत, विझत, पुन्हा फुटत राहिल्या. मिरवणूक गल्लीला लागली. पुढं ढोल, मागं गाव, मध्ये रुईफन आणि तिच्या थोडं पुढं, वाट दाखवायला, काठी टेकत खिमबो.

रुईफनच्या डोळ्यांत धूर गेला होता. ती आनंदानं भरून गेली होती आणि रागानंही, कुठलं किती ते तिलाच कळत नव्हतं. गल्लीचं वळण आलं, ढोल जरा लांब गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"आई."

"काय?"

"दोनदा देवानं ऐकलं नाही, तेव्हा तुम्ही बोललात."

खिमबो चालत राहिली.

"पहिल्याच वेळी तो जेवलो म्हणाला असता, तर?"

म्हातारी थांबली नाही, वळलीही नाही. उंबऱ्याशी आल्यावर तिनं भिंतीला हात टेकला.

"तर गप बसले असते," ती म्हणाली. "मरंस्तवर."

रुईफननं तिच्याकडे बघितलं. खोटं बोलून राखायला म्हातारीपाशी आता काही उरलं नव्हतं, आणि निदान आता ती खोटं बोलली नाही. मागून गाव येत होतं. धूपदाणीच्या आचेनं रुईफनचे तळवे भाजत होते, दंडांना कळ लागली होती. खिमबो उंबऱ्यात मधोमध उभी होती, या घरात आलेल्या प्रत्येकाच्या आधी आत जायची तिची सवय होती.

"बाजूला व्हा, आई," रुईफन म्हणाली. "देवाला आत येऊ द्या."

खिमबो बाजूला झाली.